वऱ्हाड आलंय लंडनहून

जुलै संपत आला, इंग्लंडातल्या शाळांना सुट्टी लागली, की केनियाच्या किनाऱ्यावर वऱ्हाडं उतरायला लागतात. बारा-पंधरा माणसं, सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे, पाठीवर केनियाचा नकाशा आणि नकाशाच्या मधोमध लाल बदाम. डास पळवायचं मलम अंगाला इतकं चोपडलेलं, की डास राहिले बाजूला, शेळ्याही चार हात लांबून जातात. कुठल्या चर्चचं वऱ्हाड हे विचारू नका. एक बघितलं की बाकीच्यांचा अल्बम बघायची गरज उरत नाही. आपण मोम्बासाजवळच्या राबाईला येणारं एक धरून चालू. मुक्काम अर्थातच मोम्बासाला, समुद्रकाठच्या हॉटेलात. जानवसा धड नसेल तर सेवा कशी घडणार?

कार्यक्रमपत्रिकेत एक दिवस ‘मुलांसोबत’ असा असतो. त्या दिवशी आपण मुलांसाठी फार करतो, अशी वरपक्षाची समजूत असते. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी मुलीकडची बाजू सांभाळली आहे, त्यांनाच कळेल की त्या दिवशी कोण कोणाचं करत असतं. पोरं चार दिवस आधीपासून कामाला जुंपलेली. मैदान झाडून झालं, स्वागतगीत घोटून झालं, त्यापायी गणिताचे तास बुडाले. म्वालिमूंनी, म्हणजे गुरुजींनी, वर्गावर्गात जाऊन सूचना दिल्या. पाहुणे केसांना हात लावू देतील, पण ओढायचे नाहीत. पाहुण्यांनी उचलून घेतलं तर अंग चोरायचं नाही, भले तुम्ही चौथीत असा. मोठेपणी कोण होणार असं विचारलं तर डॉक्टर किंवा पायलट सांगायचं. मटाटूचा कंडक्टर व्हायचं खरोखर मनात असलं तरी आजचा दिवस गिळायचं, पाहुणे हिरमुसतात.

दहाला येणारं वऱ्हाड साडेअकराला येतं. पोरं धावत जाऊन ठरल्याप्रमाणे ‘हाउ आर यू’चा गजर करतात. पाहुण्यांचे डोळे पाणावतात. एवढ्याशा भांडवलावर एवढा आनंद कसा, हा प्रश्न त्यांना दरवर्षी पडतो. त्यांच्याइतकाच आनंद आपल्यालाही होईल, जर कोणी गणिताचा तास बुडवून फुगे वाटले तर.

मग गोष्टीचा तास. पथकप्रमुख सांगतात, ‘देवाने तुम्हा प्रत्येकाला हिमकणासारखं वेगळं घडवलं आहे.’ पोरं शांत. शेजारी उभ्या असलेल्या बाई स्वाहिलीत सांगतात, की कुठलेही दोन काजू सारखे नसतात, तशी तुम्ही. पोरांना पटतं. माना डोलतात. प्रमुखांना वाटतं, हिमकण पोचला. या बाई रविवारच्या शाळेत वर्षभर हीच पोरं सांभाळतात, आख्खा नोहा, आख्खा मोशे त्यांच्याकडून पाठ करून घेतात. वऱ्हाडाच्या अहवालात त्यांची नोंद ‘दुभाषी’ अशी होते, आणि पुढे कंसात ‘फार गोड’.

हस्तकलेचा तास सगळ्यात रंगतो. प्रत्येकाला एक दोरा आणि पाच मणी. काळा म्हणजे पाप, लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, पांढरा म्हणजे धुऊन निघालेलं मन, पिवळा स्वर्ग, हिरवा वाढ. मूळ कल्पना जुनी. लंडनचे गाजलेले प्रवचनकार चार्ल्स स्पर्जन १८६६ साली काळ्या, लाल आणि पांढऱ्या पानांच्या एका शब्दहीन पुस्तकावर बोलले होते. बाकीचे रंग मागाहून चिकटले. स्पर्जनसाहेबांचं प्रवचन लंडनमध्ये झालं, तिथे काळा रंग म्हणजे धुराड्याची काजळी. इथे उन्हाने भाजून निघालेली एक तरुणी राबाईच्या मुलीच्या तळहातावर काळा मणी ठेवते आणि प्रेमाने म्हणते, ‘हे पाप.’ मुलगी मण्याकडे बघते, मग स्वतःच्या मनगटाकडे, मग तरुणीच्या सोललेल्या नाकाकडे. लाल मणी हातात आल्यावर विचारते, ‘हा उन्हाचा का?’

तासाभरात मैदानावर मण्यांचा बाजार भरतो. हिरव्याला चढा भाव. पांढऱ्याला गिऱ्हाईक नाही, लगेच मळतो.

आता ही शुभवार्ता राबाईला पहिल्यांदाच पोचत असती, तर वऱ्हाडाचा उत्साह समजला असता. पण योहान क्राप्फ हा जर्मन पाद्री चर्च मिशनरी सोसायटीतर्फे १८४४ साली मोम्बासात उतरला होता. थोड्याच दिवसांत बायको आणि तान्ही मुलगी दोघींना त्याने तिथे मूठमाती दिली, तरी गडी हलला नाही. १८४६ साली सोबती रेबमानबरोबर त्याने राबाईत ठाणं मांडलं. रेबमान १८७५ पर्यंत त्या भागात होता. त्याने ‘मुलांसोबत एक दिवस’ काढल्याची नोंद नाही. १८४८ साली त्याने किलिमांजारोवर बर्फ पाहिलं आणि तसं कळवलं, तर विषुववृत्तापाशी बर्फ कसलं, म्हणून लंडनच्या विद्वानांनी त्याला वेड्यात काढलं. तेव्हाच्या मिशनऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंही कोणाला पटत नसे. आताच्याने न पाहिलेलंही पटतं, कारण फोटो असतो.

या लग्नात आपल्या नाशिकचाही आहेर आहे, तो कोणी मोजत नाही. अरबी गलबतांवरून इंग्रजांच्या आरमाराने सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं नाशिकच्या शरणपुरात मिशनच्या आसऱ्याला वाढली, शिकली, हातात कसब घेऊन बाहेर पडली. त्यांतला जेकब वेनराइट. १८७३ साली आफ्रिकेत चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती या नाशिकच्या विद्यार्थ्याने. पुढच्या वर्षी देहाबरोबर लंडनला जाऊन वेस्टमिन्स्टर ॲबेत मानकऱ्यांच्या रांगेत तो चाललाही. शरणपूरची आणखी माणसं १८६० च्या दशकातच राबाईला शिकवायला पोचली होती. मोम्बासा बेटासमोर फ्रिअर टाउन वसवलं, तेव्हा तर पुष्कळ जण गेले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाची ही वसाहत. माणसं शरणपूरची, पाटी साहेबाची. मानावरून आणि पगारावरून तिथे गोऱ्या पाद्र्यांशी खटकेही उडाले. ‘फार गोड’ म्हणण्याची पद्धत तेव्हा निघाली नव्हती, नाहीतर तेवढ्यावर भागलं असतं.

दुपारी जेवण. पोरांना उगाली आणि सुकुमा विकीची भाजी, वऱ्हाडाला हॉटेलातून आणलेली सँडविचं. पोटाचं काही व्हायला नको. या सगळ्यात एक आजोबा मात्र आंब्याखाली जे झोपले ते संध्याकाळपर्यंत. त्यांनी कोणाला काही शिकवलं नाही, कोणाचा फोटो काढला नाही. पोरांमध्ये सगळ्यात लोकप्रिय तेच.

जेवणानंतर वऱ्हाडातल्या एक बाई म्वालिमूंना बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारतात, ‘यातली अनाथ कोणती?’ म्वालिमू सांगतात, सगळ्यांना घरदार आहे, आत्ता सोडायला आया येतील. बाईंचा चेहरा पडतो. म्वालिमूंचा नाइलाज आहे. पाहुण्यांना अनाथ हवेत म्हणून आश्रम निघतात आणि आश्रम चालावेत म्हणून आईबाप असलेली पोरं आत जातात, हा व्यवहार ओळखून केनिया सरकारने २०१७ साली नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवली. पुरवठा आटला, त्याला ते काय करणार?

शेवटी आहेर. वापरलेल्या कपड्यांच्या चार बॅगा विमानातून जादा वजनाचे पैसे भरून आणलेल्या. तसलेच कपडे फ्रिअर टाउनच्या शेजारी कोंगोवेआच्या बाजारात मितुम्बा म्हणून ढिगाने मिळतात, आणि तिथे माप बघून घेता येतं. पण आहेरात आलेल्या कापडाची घडी देणाऱ्यासमोर मोडू नये, एवढं राबाईच्या बायकांनाही कळतं.

निघताना प्रमुख विचारतात, ‘कोणाला काही प्रश्न?’ लाल मणीवाली उठते. ‘तुमच्याकडे रविवारी चर्चमध्ये किती माणसं येतात?’

प्रमुख चाचरतात. थंडीत जरा कमीच. सगळी वयस्कर. मुलं म्हणाल तर नाताळात. शेजारच्या गावातलं चर्च विकलं, तिथे आता फ्लॅट झालेत.

पोरांमध्ये कुजबुज होते. दुभाषी बाई भाषांतर करायला नकार देतात, मग मुलगी स्वतःच इंग्रजीत सांगते. डिसेंबरात आम्हाला मोठी सुट्टी असते. आम्ही वीस जण येतो, ढोल आमचे, मण्यांची गरज पडणार नाही. एक दिवस तुमच्या मुलांसोबत घालवू. नसतील तर म्हाताऱ्यांसोबत.

टाळ्या पडतात. प्रमुख म्हणतात, वा, जरूर या. म्वालिमू खिशातून फोन काढून ब्रिटिश व्हिसाचा अर्ज उघडतात आणि अर्जदाराच्या बँकखात्याचा रकाना येतो तिथे प्रमुखांसमोर धरतात. वऱ्हाडाला केनियात यायची परवानगी घरबसल्या ऑनलाइन मिळाली होती. प्रमुख चष्मा शोधू लागतात. चष्मा गाडीत राहिलेला असतो, आणि गाडीवाल्याला उशीर होत असतो.