पुदिन्याआडची रम

नुसती रम पिणाऱ्या माणसाला आमच्या इमारतीत ‘घेणारा’ म्हणतात. त्याच रममध्ये पुदिना, लिंबू आणि एखादं फळ पडलं की तो ‘हौशी’ होतो. पहिला पडदे ओढून बसतो. दुसरा दार सताड उघडं टाकून ओट्यापाशी उभा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चव बघायला बोलावतो. पुण्यात पारा चाळिशीला टेकला की मी या दुसऱ्या गटात असतो.

मोहितो मूळचा क्यूबाचा. जिथे ऊस तिथे मळी आणि जिथे मळी तिथे रम, हे साखर कारखान्यांच्या मुलखात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे उसाने पुढारी जास्त दिले, एवढाच फरक. हवानातला ‘ला बोदेगिता देल मेदिओ’ हा बार या पेयासाठी जगभर ओळखला जातो. पोथीतलं प्रमाण असं: ४५ मिली पांढरी रम, २० मिली लिंबाचा रस, दोन चमचे साखर, पुदिन्याच्या पाच-सहा काड्या, बर्फ आणि वरून सोडा. यात वादाला जागा नाही असं वाटतं. पण आमच्या पाहुण्यांना मापं दोनच ठाऊक, ३० चा लहान आणि ६० चा मोठा. ४५ म्हटलं की मेहुणा पेला उजेडाकडे धरून विचारतो, “दाजी, उरलेले पंधरा कुठे गेले?”

रम मिळवणं सोपं. खरी परीक्षा पुदिन्याची. मंडईत एकदम तीन जुड्या मागितल्या की भाजीवाली मावशी विचारते, “पाणीपुरी का?” मी ‘हो’ म्हणतो. अगदीच खोटं नाही, पाणी असतंच. जुडी बाहेरून अशी टवटवीत की कौतुक वाटावं. घरी येऊन दोरा सोडला की पोटातली पानं काळी आणि चिकट. ती निवडत बसायचं, माती जाईस्तोवर तीन पाण्यांतून काढायची, फडक्यावर पसरायची. एवढं करेपर्यंत घाम कानामागून मानेवर येतो. रमला असा घाम गाळावा लागत नाही. आपल्याकडे दारू प्यायला सरकारी परवाना तेवढा लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्याची ती कृपा. एका दिवसाच्या परवान्याचे ५ रुपये. मे महिन्यात एवढ्यात धड लिंबूही येत नाही. सगळ्या पेल्यात सरकारची परवानगी हाच काय तो स्वस्त जिन्नस.

पांढऱ्या रमबद्दल एक मित्र दर वेळी हट्टाला पेटतो. १९५४ साली बाजारात आलेली ओल्ड मंक असताना रंगहीन रम पिणं हा त्याच्या लेखी देशद्रोह. एकदा त्याच्या समाधानासाठी तसा पेलाही केला. चव वाईट नव्हती, पण काळपट तांबड्या पाण्यात तरंगणारी ती पानं बघून मेहुण्याने “हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?” असं विचारलं. काढ्याला जो मान असतो तोच त्या पेल्याला मिळाला. पांढरी रमही बऱ्याचदा पिंपात मुरलेलीच असते, नंतर कोळशातून गाळून तिचा रंग काढतात, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे म्हातारीने केस पांढरे रंगवले.” यावर काय बोलणार?

याच मित्राच्या हाती खलबत्ता दिला की तो पुदिन्यावर तुटून पडतो. पुदिन्याचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींत असतं. पानं तळहातांत धरून एक टाळी वाजवली किंवा साखरेबरोबर हलकेच दाबली की ते सुटतं. त्यापुढे ठेचलं की पानाचा कडवट हिरवेपणा उतरतो आणि चोथा दातांत येतो. पहिल्या दणक्यालाच बायको आतून ओरडली, “चटणी करताय का रे? मग मिरची पण घाला!”

मिरचीची सूचना तिने रागाने केली असली तरी तिला आधार आहे. गोव्यात एप्रिल-मेमध्ये काजूच्या बोंडांची हुर्राक निघते, तेव्हा ती लिंबाच्या गोड सोड्यात, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. उन्हाळा कसा काढायचा हे त्या लोकांना कुणी शिकवायला नको.

फळांचं म्हणाल तर हापूस घालू नये. धर्माचा प्रश्न बाजूला ठेवू, पण रस दाट असतो, सोडा ओतला की फेस पेल्याबाहेर येतो, आणि त्या वासापुढे पुदिना बिचारा हजेरी लावून परत जातो. कलिंगड आधीच पाणी, त्यात बर्फाचं पाणी; चौथ्या घोटाला रमची फक्त आठवण राहते. अननस चांगला. पण आमच्याकडे जिंकली ती कैरी, आणि तिला आणलं मावशीने.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, वय पंचाहत्तर. ती आत आली तेव्हा मित्राने ठेचलेला हिरवा लगदा पेल्यांत पडला होता. बाटली लपवायला वेळ नव्हता, आणि मावशीपासून काही लपतं यावर आमच्या घराण्यात कुणाचा विश्वासही नाही. तिने चमचाभर मिश्रण, रमशिवायचं, जिभेवर ठेवलं. “कडू केलंत मेल्यांनो.” मग फ्रीजमधून उकडलेल्या कैरीचा गर काढला, लिंबाच्या जागी तो घातला, साखर वाढवली आणि दोन बोटांच्या चिमटीत मीठ घेऊन सगळ्या पेल्यांवरून हात फिरवला. मीठ कडूपणा दाबतं, हे शास्त्रज्ञ प्रयोग करून सांगतात. मावशी पन्हं करत आली आहे, तिला प्रयोगाची गरज पडली नाही. वेलदोड्याची पूड मात्र मी हात जोडून थांबवली.

“आता ते तुमचं काय ते घाला. आधी माझा पेला बाजूला काढा.”

पहिल्या घोटाला मेहुणा म्हणाला, “काय गारवा आहे!” मेहुणा डॉक्टर आहे, त्यामुळे लगेच स्वतःच्याच विधानाला छेद देऊ लागला. पुदिन्यातलं मेंथॉल तोंडातल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चाळवतं, तापमान कणभरही उतरत नाही. रमने उलट कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, अंग गरम वाटतं, आणि लघवीवाटे पाणी जातं ते वेगळंच. “थोडक्यात दाजी, ही शुद्ध फसवणूक आहे,” असं म्हणून त्याने पेला पुढे केला. “यात पंधरा घाला.”

दुसऱ्या फेरीला पुदिना संपला, तिसरीला कैरीचा गर. मित्राने मग नुसती रम आणि सोडा घेतला, त्याबरोबर बायकोने उठून पडदे ओढले.

पुढच्या शनिवारी सकाळीच मावशीचा फोन. “उद्या जमताय ना? लिंबं घेऊ नकोस, लुटतात. कैऱ्या मी उकडून आणते. पुदिना निवडून ठेव, आणि त्या ठेचणाऱ्याला म्हणावं, तू फक्त बर्फ फोड.”