जप्तीतली खुर्ची

जप्ती म्हणजे हुकूमनाम्याचे पैसे न देणाऱ्या ऋणकोचा माल न्यायालयाने ताब्यात घेणे. ऋणको दोन प्रकारचे असतात: माणूस आणि सरकार. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता दोघांना लागू आहे. फरक बेलिफ दारात आल्यावर कळतो.

नळदुर्ग-उमरगा रस्त्यावरच्या जळकोटात ऋणको शेतकरी असेल, तर कलम ६० त्याच्या बाजूने उभे राहते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बायकोचे मंगळसूत्र, औतफाटा, गरजेपुरते बैल, बियाणे, राहते घर, यांपैकी कशालाही हात लावता येत नाही. सूर्य मावळल्यावर बेलिफाने घरात शिरायचे नाही. एवढे वगळून जे उरते ते बहुधा आधीच कुठेतरी गहाण असते. सापडलीच एखादी म्हैस, तर ती कोर्टाच्या आवारात नेऊन बांधणे कोणालाच परवडत नाही. म्हणून आदेश २१, नियम ४३-अ प्रमाणे ती गावातच एखाद्या ‘प्रतिष्ठित’ इसमाकडे सुपुर्तनाम्यावर ठेवता येते. सांगितल्या वेळी म्हैस हजर केली नाही, किंवा हाडे मोजता येतील अशी हजर केली, तर भरपाई त्याच इसमाने द्यायची. ही अट वाचून दाखवली की गावातली प्रतिष्ठा झपाट्याने घटते.

सरकार ऋणको होते ते बहुतेकदा भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यात. वाढीव रकमेवर जमिनीच्या ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज चढते. १८९४ च्या कायद्यातला हा दर २०१३ च्या कायद्यानेही ठेवला. इतके व्याज सावकारालाही मागायला लाज वाटली असती, पण भरणारी तिजोरी जनतेची असल्याने घाई कोणालाच नसते. हुकूमनाम्यानंतर तीन महिने सरकारवर दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, चालत नाही. मग वॉरंट निघते: खुर्ची, संगणक, गाडी. मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांना ही बातमी नवी नाही. बेलिफ पोचतो तेव्हा साहेब दौऱ्यावर असतात आणि गाडीही त्यांच्यासोबत असते. खुर्ची मात्र जागेवर सापडते. ती दारापर्यंत जाते, तोच ‘निधीची मागणी वरिष्ठांकडे केली आहे’ असे लेखी पत्र येते, महिन्याची मुदत मिळते आणि खुर्ची परत जागेवर. कलम ६० च्या यादीत तिचे नाव नाही; तशी गरजही पडलेली नाही.

अपिलात स्थगिती हवी असेल तर माणसाला तारण द्यावे लागते. सरकारला आदेश २७, नियम ८-अ ने त्यातूनही माफी आहे. म्हशीला जामीन लागतो, सरकारला लेटरहेड पुरते.

हुकूमनाम्याची पूर्ण रक्कम खर्चासह न्यायालयात भरली की जप्ती उठते. तोवर हुकूमनामाधारकाने तारखा नीट लिहून ठेवाव्यात. १९६३ च्या मुदत कायद्याने दरखास्त दाखल करायला त्याला १२ वर्षे दिली आहेत.