समुद्र फुकट, किनारा महाग

भाचा नोकरीनिमित्त मॉरिशसला गेला त्याला तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी त्याने समुद्राचे फोटो पाठवले, दुसऱ्या वर्षी बाळाचे आणि तिसऱ्या वर्षी थेट यादी पाठवली. "मामा, इथल्या मंडळाला दोन ढोलक्या, चार जोड झांजा, एक पुरणयंत्र आणि पाच किलो उडदाचे पापड हवेत. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते. त्याआधी पोचायला हवं."

आम्ही भारावलो. कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या माणसांचे वंशज तिथे अजून जाखडी नाचतात, तिला 'झाकरी' म्हणतात. अशांना ढोलकी पाठवणं हे राष्ट्रकार्यच. राष्ट्रकार्याला पैसे लागतात हे आम्हाला ठाऊक होतं. घनमीटर लागतात हे ठाऊक नव्हतं.

पनवेलजवळच्या एका क्लिअरिंग एजंटाकडे गेलो. टेबलावर गणपती, गणपतीखाली काच, काचेखाली जुनी दरपत्रकं.

"साहेब, तुमचा माल एलसीएलने जाईल."

"म्हणजे?"

"पूर्ण कंटेनर घेतला तर ती लग्नाची स्पेशल एसटी. एलसीएल म्हणजे वडाप. पंधरा जणांचा माल एका कंटेनरात. भरला की सुटणार."

भाडं ऐकून आम्ही दोनदा विचारून घेतलं. रत्नागिरीहून पनवेलपर्यंत पेटी आणणाऱ्या टेम्पोवाल्याने जेवढे घेतले होते, त्याच्या निम्मे! आणि त्यात साडेचार हजार किलोमीटरांहून जास्त समुद्र. इथेच संशय यायला हवा होता. पण स्वस्त मिळालं की मराठी माणूस आधी खूश होतो आणि संशय घरी गेल्यावर घेतो.

अट एकच होती. जहाजाच्या भाड्याला वजनाचे टन आणि आकाराचे घनमीटर यांत जो आकडा मोठा, तो धरतात. आणि दोन्ही एकाहून कमी भरले तर एक धरतात. आमची पेटी भरली ०.४ घनमीटर. म्हणजे उरलेली ०.६ घनमीटर हवा आमच्या खर्चाने मॉरिशसला जाणार होती. हवेसाठी वेगळा दाखला मागितला नाही, हे त्यांचे उपकार.

मग बारसं. व्यापारात प्रत्येक वस्तूला जगभर चालणारा एक क्रमांक असतो. ही पद्धत १९८८ पासूनची. ढोलकी ९२०६. झांजही ९२०६, म्हणजे भजनात एकमेकींचा आवाज दाबणाऱ्या दोघी कस्टम्सच्या लेखी सख्ख्या बहिणी. पुरणयंत्र ८२१०, हाताने चालणाऱ्या आणि दहा किलोच्या आतल्या स्वयंपाकाच्या साधनांत. पापडाला तर भारताच्या दरसूचीत स्वतःचा आठ आकडी पत्ता आहे, १९०५९०४०. हे सौ.ना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पापड लाटणारीला नाही तर नाही, निदान पापडाला तरी सरकारने ओळखलं."

"ढोलकीचं चामडं कुठल्या जनावराचं?" एजंटाने विचारलं.

"बकऱ्याचं."

"नक्की? डिमडी तर नाही ना घातलीत मध्ये? घोरपडीचं कातडं निघालं तर पेटी राहील बाजूला, तुम्हीच आत जाल."

आम्ही मनातल्या मनात सगळ्या वाद्यांची जनावरं आठवून पाहिली आणि बकऱ्याशी ठाम राहिलो.

"पेटी कशाची?"

"आंब्याच्या फळ्यांची. आमच्या सुताराने खास..."

"५६ अंशांवर सलग ३० मिनिटं शेकलीय? गाभ्यापर्यंत? शिक्का आहे?"

परदेशी जाणाऱ्या लाकडी पेटीतून किडा जाऊ नये म्हणून हा जगभरचा नियम आहे. शेकलेल्या फळीवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि 'एचटी' ही अक्षरं उमटवतात. सुताराची पेटी तिथेच सोडली आणि शिक्क्याची विकत घेतली. सौ. पुन्हा म्हणाल्या, "अर्धा तास? एवढा तर मी पापडही शेकत नाही."

"मालाची किंमत?"

"भेट आहे हो. प्रेमापोटी पाठवतोय."

"प्रेमापोटी किती रुपये लिहू? शून्य चालत नाही."

अखेर प्रेमाची किंमत ठरली आणि आमच्या हातात बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती, पडलं. त्याच्या मूळ प्रती तीन. मूळ प्रत एकच असते असं आम्ही शाळेत शिकलो होतो. इथे तिन्ही मूळ, आणि एक वापरली की उरलेल्या दोन रद्द. एकत्र कुटुंबाच्या सातबाऱ्यावर तीन भाऊ असतात, त्यातलाच प्रकार.

उठता उठता आम्ही सहज म्हणालो, "सूनबाई म्हणत होती, थोडा आपला कांदाही..." एजंटाने कानावर हात ठेवले. "कांद्याचं नाव काढू नका. तो माल नाही, मुत्सद्दी आहे."

खरंच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावात शेतकरी भावाकडे बघत बसला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉरिशससाठी १,२०० टनांची खास परवानगी निघाली. त्या देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात. भागाकार केला तर आपली ऐतिहासिक मैत्री माणशी किलोला थोडी कमीच भरते. मे महिन्यात बंदी उठली ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्काची मुंडावळ बांधून. पोर्ट लुईच्या गृहिणीने फोडणीला कांदा किती घालायचा, हे दिल्लीत ठरतं आणि चाळीतल्या कांद्याला ते सर्वांत शेवटी कळतं.

पेटी आषाढात निघाली. कोलंबोला उतरली आणि दुसऱ्या जहाजाची वाट बघत बसली, वडाप चुकलेला प्रवासी नाक्यावर बसतो तशी. श्रावण गेला. चतुर्थी आली, गेली. मंडळाने तिथल्याच जुन्या ढोलकीवर झाकरी नाचून घेतली. अनंत चतुर्दशीनंतर चौथ्या दिवशी भाच्याचा फोन आला. "मामा, पेटी आली. पण सोडवायची आहे."

सोडवायची! आमच्या डोळ्यांपुढे पुरणयंत्र गजांआड दिसू लागलं. त्याने जामिनाच्या रकमेचा फोटो पाठवला. धक्क्यावर हाताळणीचे. कंटेनर उघडण्याचे. उघडल्यावर पंधरा जणांचा माल वेगळा करण्याचे. डिलिव्हरी ऑर्डरचे, म्हणजे 'ह्याचा माल ह्याला द्या' अशी चिठ्ठी लिहिण्याचे. ती चिठ्ठी लिहायला लागणाऱ्या कागदपत्रांचे. आणि हे सगळं होईपर्यंत पेटी गोदामात बसली त्याचे. बेरीज, आम्ही इथे भरलेल्या भाड्याच्या सातपट.

एजंटाला फोन लावला. तो ज्ञानेश्वरी सांगावी तसा शांतपणे म्हणाला, "साहेब, समुद्राचं भाडं पाठवणारा भरतो. तो दहा ठिकाणी विचारतो, म्हणून ते स्वस्त. कधी कधी शून्यही. किनाऱ्याचे पैसे घेणारा भरतो. त्याचा माल आत असतो, त्याला विचारायला दुसरं दार नसतं. इथे सोडलेले पैसे तिथे धरायचे. समुद्र फुकट, किनारा महाग."

वर मॉरिशसचा व्हॅट, १५ टक्के. तिथे बहुतेक वस्तूंवर आयातशुल्क नाही म्हणून भाचा खुशीत होता. पण कराचा हिशोब नुसत्या वस्तूच्या किमतीवर होत नाही. तिच्यात विमा मिळवतात, जहाजाचं भाडं मिळवतात आणि मग टक्के लावतात. वस्तूवर कर का, हे कुणालाही कळतं. अंतरावर कर का, हे कळायला बेटावर राहावं लागतं. आमच्या ०.६ घनमीटर हवेवरही १५ टक्के बसले. जो देश तीन-चतुर्थांशाहून जास्त अन्न बाहेरून आणतो, तिथे प्रत्येक ताटाखाली असलं एक बिल अंथरलेलं असतं.

भाच्याच्या शेजाऱ्याने त्याची समजूत घातली. म्हणाला, रॉड्रिग्जवाल्यांचं बघ. ते मॉरिशसचंच बेट, पण ५६० किलोमीटर पूर्वेला. तिथला माल आधी पोर्ट लुईला उतरतो, मग दुसऱ्या जहाजात चढतो. गरिबालाही एक गरीब नातेवाईक असतो, तसं बेटालाही एक बेट असतं. त्याहून लांब अगालेगा, हजार किलोमीटरांवर उत्तरेला, वस्ती तीनेकशे. भारताने बांधलेली धावपट्टी आणि जेट्टी तिथे २०२४ मध्ये सुरू झाली. त्याआधी तिथल्या कुणी पुरणयंत्र मागवलं असतं, तर कुठल्या वर्षीच्या होळीसाठी हेही लिहावं लागलं असतं.

ज्या पोर्ट लुई बंदरात आमची पेटी अडकली, तिथेच मजूर उतरवण्याचा आप्रवासी घाट आहे. २००६ पासून तो जागतिक वारसा. १८३४ पासून पुढे जवळपास पाच लाख मजूर गिरमिटावर, म्हणजे करारावर, या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून चढलेली आपली कोकणातली माणसंही होती. प्रत्येकाला क्रमांक मिळाला. घाटावरच्या आगारात दोनेक दिवस, की लगेच मळ्याकडे रवानगी. गोदामभाडं नाही, डिलिव्हरी ऑर्डरसाठी खेटे नाहीत. मळेवाल्यांना माल तातडीने हवा होता, म्हणून कागद झपाझप हलले. त्या धक्क्यावरून इतक्या चटकन काही सुटलं असेल, तर ती माणसं. त्यांच्या नातवंडांची ढोलकी मात्र एकोणीस दिवस आत होती.

भाच्याने पैसे भरले. पेटी उघडली तेव्हा ढोलक्या धडधाकट, झांजा जोडीने, पुरणयंत्र पूर्ण आणि पापडांचा भुगा. मंडळाने भुगा तळून वाटला, वाद्यं पुढल्या वर्षासाठी माळ्यावर टाकली. फळ्या मात्र जपून ठेवल्या आहेत. एवढं शेकलेलं आणि शिक्का मारलेलं लाकूड दुसरीकडे मिळणार नाही, त्याचाच बाप्पासाठी पाट करणार आहेत. त्या पाटावरून उठून बाप्पा दीड दिवसाने थेट समुद्रात जातील. बिल ऑफ लेडिंगशिवाय, एकही घनमीटर न मोजता.

परवा एजंटाचा मेसेज आला. आमच्या फोटोखाली त्याच्या कंपनीचा शिक्का, भोवती फुलांची कमान आणि खाली एकच ओळ: "साहेब, पुढच्या वर्षी लवकर या."