नाही मिळाली म्हणा

ठाण्यापासून कल्याणपर्यंत ज्या ज्या गल्लीत लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि बिलबुकं छापून मिळतात, त्या त्या गल्लीच्या वाट्याला एक नाना येतो. नौपाड्याचा निराळा, डोंबिवलीच्या रामनगरचा निराळा, कल्याणात शिवाजी चौकाच्या आसपासचा निराळा. पण दोरी लावलेला चष्मा, शर्टाच्या खिशात दोन पेनड्राइव्ह आणि फोन उचलल्याबरोबर “हात लावू नकोस!” ही तीन लक्षणं सगळीकडे सारखी. ‘हॅलो’ हा शब्द नाना नातेवाइकांसाठी राखून ठेवतात. बाकी कुणाचाही फोन आला की फाइल उडालेली असते, हे त्यांना पक्कं ठाऊक. मी लिहितोय ते डोंबिवलीच्या नानांबद्दल. बाकीच्यांनी अंगाला लावून घेतलं तरी माझी हरकत नाही.

फोन येतो रात्री, आणि काम असतं दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटला जायचं.

“नाना, कोरल बसलं.”

“हात लावू नकोस. शेवटची सेव्ह कधी मारलीस?”

“आत्ताच. पाच मिनिटं झाली असतील.”

समोरच्याच्या बोलण्यावरून फाइलचं खरं वय काढणं ही नानांची मुख्य विद्या. कॉम्प्युटर त्यांना त्यानंतर कळतो. ‘पाच मिनिटं’ म्हणजे दुपारच्या जेवणाआधी. ‘मघाशी’ म्हणजे काल. आणि ‘आईशप्पथ सेव्ह केली होती’ असं कुणी म्हणालं, की त्या बिचाऱ्या फाइलचं बारसंही झालेलं नाही, ती ‘अनटायटल्ड-1’ याच नावानं गेली, असं धरून चालायचं.

खरं तर कोरलड्रॉ लोक म्हणतात तितकं निर्दय नाही. फाइल सेव्ह केली की आधीची प्रत ते ‘बॅकअप ऑफ’ असं नाव लावून शेजारीच ठेवतं. शिवाय ठरावीक वेळानं आपणहून एक ऑटोबॅकअप घेतं, आणि मध्येच कोसळलं तर पुन्हा उघडताना विचारतं, जुनं काम सापडलंय, घेऊ का? आपला ऑपरेटर त्या वेळी इतका पेटलेला असतो, की समोर येईल त्या चौकटीवर तो ‘कॅन्सल’ मारतो. मग प्रोग्रॅम नीट बंद केला की ती प्रतही जाते. यावर नानांचं म्हणणं, “हरवलेलं पोर दारात येऊन उभं राहिलं, त्याला हाकलून दिलंत, आणि आता पोलिसात निघालात.”

निम्म्या दुकानांत तर ऑटोबॅकअप बंदच करून ठेवलेला असतो. कारण वीस बाय दहाचा फ्लेक्स. त्यात साहेब, साहेबांचे साहेब, आणि खाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या वॉर्डाचे पासपोर्ट फोटो. एवढ्याचा बॅकअप घ्यायला लागलं की मशीन हँग होतं, आणि खुर्चीमागे उभा असलेला कार्यकर्ता म्हणतो, “हे मधेमधे काय थांबतं रे? बंद कर ते.” बंद होतं. फाइल उडते त्याच रात्री.

असा बाका प्रसंग आला की नाना टेम्प फोल्डरमध्ये शिरतात आणि तिथल्या निनावी फायली नुसत्या वेळेवरून नि आकारावरून ओळखतात. 2008 च्या एक्स-फोर आवृत्तीपासून कोरलची फाइल आतून झिपच असते, हे त्यांचं लाडकं गुपित. ते एव्हाना सगळ्या गल्लीला सांगून झालंय. करप्ट फाइलच्या शेवटचं सीडीआर पुसायचं, झिप लिहायचं, उघडायची, आणि हाताला लागेल ते ओढून काढायचं. एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समधून अशी फक्त थंबनेल निघाली. वीस फुटांचा नेता टपाल तिकिटाएवढा होऊन परत आला.

“काका, हे मोठे नाही का होणार?” कार्यकर्त्यानं विचारलं.

“निवडून आले की होतील.”

नाना या धंद्यात आले ते खिळे जुळवायला. तेव्हा मजकूर सांडला तरी खिळे जमिनीवर दिसायचे, वाकून गोळा करता यायचे. पेजमेकर आलं आणि सांडलेलं दिसेनासं झालं. पण त्यांचं नाव खरं गाजवलं ते भारनियमनानं. 2005 साली वीज मंडळाचं महावितरण झालं. पाटी बदलली, दिवे जायचे ते जातच राहिले. मुंबईत बसलेल्या पार्टीला हे पटायचंच नाही, कारण तिच्याकडे दिवे जात नसत. यूपीएस बहुतेक दुकानांत होता, पण त्यातली बॅटरी कधीच वारलेली. त्यावर प्रिंटर ठेवायची सोय चांगली होती. त्याच वर्षी 26 जुलैच्या पुरानंतर कल्याणहून चिखलानं भरलेले सीपीयू रिक्षातून यायला लागले, तेव्हा मात्र नाना कुणाला टोमणा मारत नव्हते. “चालू करून बघितलं का?” एवढंच विचारायचे, आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला चहा सांगायचे. भिजलेल्या हार्ड डिस्कला वीज दिली की उरलंसुरलंही जातं, हे त्यांनी तेव्हा किती जणांना समजावलं असेल!

निवृत्त होईपर्यंत नाना दिवसा लोअर परळच्या एका प्रेसात होते. त्यामुळे डोंबिवलीकरांच्या कितीतरी फायली जलद लोकलच्या डब्यातून परत आल्यात. “रनमध्ये जा. टक्का लिही, टेम्प लिही, परत टक्का. टक्का रे! पाचाच्या डोक्यावरचा!” डब्याला हा पाठ तोंडपाठ. चौथ्या सीटवरचे गृहस्थ हळूच सुचवायचे, “आधी रिसायकल बिन बघायला सांगा हो.” दारातला एखादा “मशीन रीस्टार्ट करायला सांगा” म्हणायचा, त्याला सगळे मिळून गप्प करायचे. त्या काळी जलद गाड्या 1916 सालच्या पारसिक बोगद्यातून जात. एकदा ऐन मोक्याला नाना ओरडले, “आणि त्यातलं काही डिलीट करू...” तेवढ्यात गाडी आत शिरली. दिव्याच्या बाजूला बाहेर आल्यावर पोराचा फोन आला, “केलं नाना. सगळं.”

चौथ्या सीटवरच्या गृहस्थांचं बरोबर असतं, हे सांगायला हवं. पुष्कळदा फाइल रिसायकल बिनमध्येच असते, किंवा डाउनलोड्समध्ये. पण नाना हे पार्टीसमोर उघड करत नाहीत. दोन काळ्या खिडक्या उघडतात, चार आज्ञा देतात, भुवया आक्रसून पाव तास घालवतात आणि मग “मिळतेय असं वाटतं” म्हणतात. याला मी लबाडी म्हणणार नाही. दोन सेकंदांत सापडलेल्या फाइलपायी ऑपरेटरची नोकरी जाते. पाव तासानं सापडली तर नुसता ओरडा बसतो.

गेलेलं डिझाइन फार देखणं असतं, हे मला नानांच्या दुकानात कळलं. फाइल उडालेली असेपर्यंत तिच्यातला गणपती काय, बॉर्डर काय, सोनेरी शेड काय, वर्णन ऐकत राहावं. मग नाना ती काढून देतात. श्रीलिपीचा फॉन्ट त्यांच्या मशीनवर नसला तर वधूवरांच्या जागी इंग्रजी अक्षरं नि उद्गारचिन्हं उभी असतात. ती नीट केली की खाली तीच पत्रिका, जी गेली पंधरा वर्षं सगळ्या डोंबिवलीला येतेय. वधूपिता निरखून बघतो. “ही नव्हे. ती जास्त चांगली होती.” नौपाड्यातले एक आर्किटेक्ट रीडेव्हलपमेंटचा प्लॅन घेऊन आले होते. नानांनी ऑटोकॅडची बॅक फाइल डीडब्ल्यूजी करून उघडून दिली, तर साहेबांचा चेहरा उतरला. आठवणीतल्या प्लॅनमध्ये प्रत्येक फ्लॅटला दोन बाल्कन्या होत्या.

आणि काही फायली मुळात नसतातच. त्या ओळखण्यात नानांचा हात धरणारा कुणी नाही. स्मरणिकेचं कव्हर आज देतो, उद्या देतो, असं आठवडाभर चाललेलं असतं. शेवटी पार्टी स्वतः येऊन बसते, तेव्हा ऑपरेटर रडवेला होऊन सांगतो, “काल रात्री क्रॅश झालं.” पार्टीच म्हणते, चला नानांकडे. नाना हार्ड डिस्क लावतात, स्कॅन लावतात, तारखा बघतात. त्या आठवड्यात त्या मशीनवर एका सिनेमाखेरीज काही आलेलं नसतं. पोरगं वाकून त्यांच्या कानाशी येतं, “नाना, नाही मिळाली म्हणा.”

नाना चष्मा काढतात, पुसतात. “बॅड सेक्टर आहेत,” ते पार्टीला सांगतात. “काम सुंदर होतं, खालून दिसतंय. पण हाती लागणार नाही. परवापर्यंत नवीन करून देईल तो.” पार्टी हळहळते. पोरगं रात्रभर बसून खरंच कव्हर करतं, आणि ते बघून पार्टी म्हणते, “त्याच्याइतकं नाही, पण चालेल.”

हल्ली नानांकडे गर्दी कमी आहे. कॅनव्हात सेव्ह मारावीच लागत नाही. एसएसडीवरची पुसलेली फाइल काढायला जावं तर ड्राइव्हनं ती जागा आधीच साफ करून टाकलेली असते. नाना कॅनव्हाला नावं ठेवत नाहीत. त्यांचा राग वेगळाच. “फाइल ढगात, आणि पासवर्ड भाच्याला माहीत. भाचा गोव्याला. मी काय रिकव्हर करू? भाचा?”

तरी कोरल अजून आहे, फ्लेक्स आहेत आणि निवडणुकाही येतातच. तेव्हा तुमची फाइल उडाली तर मशीनला हात लावू नका, त्याच ड्राइव्हवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकू नका, आणि नानांना फोन करा. मात्र पार्टी शेजारी बसली असेल तर ते आधी सांगा.