टिचकीकाका

काल्हेरला नवा फ्लॅट घेतलेलं कुठलंही जोडपं फर्निचर बघायला निघालं की टिचकीकाका रिक्षात आधीच बसलेले असतात. बोलावणं लागत नाही. कशेळीच्या पुलापासून अंजूरफाट्यापर्यंत दुकानंच दुकानं. मेट्रोच्या खांबांपाशी रिक्षा अडकली की तेवढ्या वेळात काका सागवान, शिसव, प्लायवूड असा सगळा अभ्यासक्रम उरकून घेतात.

दुकानात शिरल्यावर ते भाव विचारत नाहीत. पलंगाच्या फळीवर टिचकी मारतात, डोळे मिटून ऐकतात. "पोकळ." मग ड्रॉवर ओढून त्याचा वास घेतात. "एमडीएफ! पाणी लागू दे, पापडासारखा फुगतो की नाही बघ." शेवटी मोबाईलचा टॉर्च लावून पलंगाखाली आडवे होतात आणि बाहेर फक्त चपला उरतात. सेल्समन कोणाशी बोलावं ते न कळून चपलांनाच ईएमआय समजावून सांगतो.

आमच्या शेजारच्या सूनबाईंना चार खांबांचा पलंग हवा होता, वरून पांढरा झिरझिरीत पडदा सोडलेला.

"म्हणजे छपरीपलंग," काका म्हणाले. "वाड्यात असायचा. पण वाड्यात पंखा नव्हता, पोरी."

मुद्दा बिनतोड होता. थंड मुलखात हे पडदे ऊब धरून ठेवायला लागत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १५९० च्या सुमाराचा असा एक पलंग आहे, रुंदी तीन मीटरच्या वर. आमच्या दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये तो भिंती पाडल्याशिवाय मावायचा नाही. आणि खाडीकाठच्या या घामट हवेत ऊब कोणाला हवीय? सात फुटी खांबांवर कापडाचं छत घातलं की पंख्याचा वारा छताला आणि घाम आपल्याला.

पण काका नाही म्हणणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी बेडरूमच्या फरशीवर रद्दी पसरून सहा बाय साडेसहाचा पलंग आखला आणि कपाटाचं दार उघडलं. दार अडलं. दोन पेपर उचलून पाच बाय साडेसहा केला. दार उघडलं. "हा घे. छत उघडं ठेव, कापड नुसतं चार कोपऱ्यांना, खाली बांधून. नाहीतर पंख्यात जाईल." कापड म्हणून त्यांनी मच्छरदाणीची जाळीच सुचवली. सूनबाईंना झिरझिरीत मिळालं, काकांना पंख्याचा वारा मिळाला, आणि दोघांनाही आपलंच खरं झाल्यासारखं वाटलं.

एवढं ज्ञान असलेला हा माणूस स्वतः कशावर झोपतो? नायलॉनच्या पट्ट्यांच्या लोखंडी खाटेवर. विचारलं तर म्हणतात, "तिला टिचकी मारायची गरजच नाही, बसलं की आपणहून बोलते."

आता रविवारी सकाळी शेजारची बेल वाजते. काकांबरोबर दुसऱ्या विंगेतलं एखादं अनोळखी जोडपं संकोचून उभं असतं.

"काका, हे अजून झोपलेत हो!"

"झोपू दे की त्याला. आम्ही पायाकडचे दोनच खांब बघतो."