माळा म्हणजे मुंबईचं गोदाम नव्हे

रोहिणी लागल्या. नाटे गावात सध्या घराघरांतून एकच आवाज येतो. माळ्यावरून काहीतरी फरफटत ओढल्याचा.

कौलं परतून झाली. फाटी खोपीत गेली. कांद्याच्या माळा आढ्याला लागल्या, आमसुलं बरणीत, बोंबील नि जवळा डब्यात. आगोटीची सगळी कामं उरकली आणि राहिला तो माळा. तो दरवर्षी राहतोच.

आणि पाऊस काही कुणासाठी थांबत नाही. 2025 साली मान्सून 25 मेलाच देवगडपर्यंत येऊन थडकला. दुसऱ्या दिवशी मुंबईत. देवगड इथून फार लांब नाही. ज्यांनी गोधड्या ‘उद्या घालू उन्हात’ म्हणून ठेवल्या होत्या, त्यांच्या गोधड्यांना गणपतीपर्यंत कुबट वास येत होता.

मृगानंतर चार महिने इथे काही वाळत नाही, हे कोकणात कुणाला सांगायला नको. मग दरवर्षी विसरतो कसं?

मारी कोंडो या जपानी बाईंचं आवराआवरीचं पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. वस्तू हातात घ्या, आनंद होतो का बघा, होत नसेल तर निरोप द्या. कोरड्या कपाटांना ते ठीक. आपल्याकडे वस्तू हातात घेऊन वेगळाच प्रश्न विचारावा लागतो.

ही दमट हवेत टिकेल का? आणि टिकली तर लागेल कुणाला?

माळा मुळात होता कशासाठी? पेंढ्यात आंब्याची आढी लावायला. बियाण्याचं भात उंदरापासून वाचवायला. सुपं, रोवळ्या, इरली, गणपतीचा पाट, माटवीच्या पट्ट्या. यातली प्रत्येक वस्तू वर्षातून एकदा तरी खाली उतरायची. चढलेलं उतरायचं, म्हणून तो माळा होता.

आता वर काय आहे? जाड्या काचेचा डबडा टीव्ही. फोमचा सोफा. एका चाकाची सायकल. मिक्सरचं खोकं, ज्यात मिक्सर नाही. तीन सूटकेसा, ज्यांत आणखी दोन सूटकेसा. यातलं इथलं काहीच नाही. सगळं डोंबिवली, विरार, भांडुपहून टेंपोत बसून आलं.

‘गावाला असू दे, लागेल कधीतरी.’ कोकणातल्या घरांचं या एका वाक्यानं जेवढं नुकसान केलं, तेवढं वाळवीनंही केलं नसेल.

चाकरमान्यांवर माझा राग नाही. मुंबईत दोन खोल्यांत पाच माणसं राहतात, तिथे जुना सोफा ठेवणार कुठे, हे कळतं. या घराला कौलं, चिरा, वीज सगळं त्यांच्याच पैशांतून आलं, हेही खरं. पण दिवाळीआधी तिकडचं घर मोकळं केलं म्हणून सांगतात, तेव्हा विचारावंसं वाटतं: मोकळं केलंत की इकडे भरलंत?

कारण इथे राहतंय कोण? सत्तरीची काकी. एकटी. तिचे गुडघे शिडी चढत नाहीत आणि सोफा तिच्यानं हलत नाही. तिच्या घरातली अर्धी जागा ज्या वस्तूंनी अडवली आहे, त्यांतली एकही तिनं मागितली नव्हती.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकींच्या माळ्यावर चढलो. कोपऱ्यात पत्र्याची ट्रंक. भिंतीवरून मातीची एक बारीक रेघ तिच्याकडे गेली होती. रेघ बोटानं फोडली तर आत वाळवी चालत होती. ट्रंकेचा तळ गंजून गेला होता, तिथूनच ती आत शिरली.

वर लग्नपत्रिका. वीस-पंचवीस वर्षांच्या. त्यांतल्या काही जोडप्यांच्या मुलांचीही लग्नं झाली. त्याखाली विजेची बिलं, एक्स-रे, मागच्या बाजूला दुधाचा हिशेब लिहिलेली कालनिर्णयं. सगळ्यात तळाला तपकिरी फाइल. कलमांच्या बागेचं खरेदीखत.

खरेदीखताची चौकट तेवढी उरली होती. शिक्क्याची एक कड, सहीचा एक फराटा. काकींनी कागद उजेडात धरला, भोकातून पलीकडचं खळं दिसत होतं. त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘वर कोण चढलं असतं तर दिसलं असतं.’

नक्कल मिळेल. दुय्यम निबंधकाकडे नोंद असते. पण हेलपाटे राजापूरचे आणि गुडघे काकींचे.

पत्रिका जपल्या, खत गेलं. टाकायचं आणि ठेवायचं एकाच ट्रंकेत घातलं की दुसरं काय होणार?

अडगळीत फक्त धूळ साठते, असं वाटणारे लोक कोकणात राहत नसावेत. विंचू आणि फुरसं यांना अंधारी, कोरडी, कुणी न हलवलेली जागा लागते. ती आपण आयती करून देतो. लाल विंचवाच्या दंशानं पूर्वी इकडे माणसं, विशेषतः मुलं, पटापट जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे साधं औषध वापरून त्यावर वाट काढली, 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे म्हणून विंचवाला घर बांधून द्यायचं का?

परड्यातला जुना टायर तर सगळ्यांचा लाडका. ‘झोपाळा करू मुलांना.’ मुलं पुण्याला कॉलेजात गेली, टायर तिथेच. डेंग्यूच्या डासाची अंडी अशा टायरात कोरडीठाक असतानाही महिनोन्महिने तग धरतात. पहिल्या सरीचं पाणी साचलं की साधारण आठ-दहा दिवसांत डास तयार. करवंट्या, फुटक्या कुंड्या, रंगाचे रिकामे डबे, सगळ्यांची हीच कथा.

आवरायचं कसं, ते बघायला लांब जायला नको. साखरी नाटे बंदरावर जा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. एकसष्ट दिवस. त्याआधी होड्या वर ओढल्या जातात, जाळी धुऊन, सुकवून, तुणून मगच घडी होतात. ओलं जाळं कुणी तसंच कोंबत नाही. जे तुणण्यापलीकडे गेलं ते भाजीच्या वाफ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्यावर जातं. ऑगस्टमध्ये लागणार तेवढंच कोरडं करून ठेवलं जातं.

समुद्रावर पोट असलेल्या माणसाला ‘लागेल कधीतरी’ परवडत नाही.

जुन्या घरातली वस्तू संपायची. लुगडं विरलं की गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं, त्याचं पोतेरं, आणि शेवटी परड्यातल्या खड्ड्यात. केरसुणी, टोपली, चटई, सगळं मातीत मिसळायचं. आपल्या आज्यांकडे अडगळ जमली नाही, ती काही त्यांना आवराआवरीचं वेड होतं म्हणून नव्हे. त्यांच्या वस्तू कुजत होत्या. आपला सोफा कुजत नाही. त्यातला फोम उंदीर कुरतडतो आणि पिलं घालतो, एवढाच त्याचा उपयोग.

मग त्याचं करायचं काय? अनेक जण सोपी वाट काढतात. रात्री वहाळात. तोच फोम जुलैत मोरीच्या तोंडाशी अडकतो नि पाणी रस्त्यावर येतं. याला सफाई म्हणत नाहीत. माळ्यावरची घाण गावावर टाकली, याला दुसरा शब्द आहे आणि तो इथे छापता येत नाही.

भंगारवाल्याचा टेंपो गावातून फिरतो. लोखंड, पत्रा, रद्दी तो नेतो. फोम, काच, थर्माकोल तो नेत नाही. म्हणजे जी वस्तू भंगारवालाही नको म्हणतो, ती आपण काकीच्या डोक्यावर ठेवलेली असते.

अख्खा माळा एका दिवसात उपसायला जाऊ नका. दुपारपर्यंत कंबर धरते आणि संध्याकाळी सगळं पुन्हा वर जातं. रोज सकाळी एकच कोपरा. एक दिवस औषधांचा डबा: तारीख उलटलेली पाकिटं वेगळी काढा, अर्ध्या सरबताच्या बाटल्यांचा मोह सोडा. एक दिवस छत्र्या. मोडक्या चार छत्र्यांच्या काड्यांतून एक धड होते, बाकी तीन टेंपोत. एक दिवस पिशव्यांनी भरलेली ती पिशवी. एक दिवस फक्त कागद: खत, सातबारा, पासबुक, जन्मदाखले उन्हात एक तास, मग झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून लांब. मोबाइलवर फोटो काढून मुलांना पाठवा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. मागे हवा खेळली तर बुरशी कमी धरते. गाद्या दोन्ही अंगांनी तापवा. हे सगळं ऊन आहे तोवरच. आभाळ भरलं की शिडी लावून उपयोग नाही.

आणि काही वस्तू ठेवायच्याच असतात. काकींच्या माळ्यावर एक पाळणा निघाला, फणसाच्या लाकडाचा, कड्या अजून शाबूत. घरातली पाच मुलं त्यात झोपली. तो मीच पुसून, तेलाचं बोट फिरवून परत वर ठेवला. त्याला जागा पाहिजेच. सोफ्यानं ती अडवली होती.

या चार दिवसांत मुंबईच्या गाड्या परत निघतील. डिकीत पेट्या, फणस, काजूगर, आगळाच्या बाटल्या बसतील. माझी एक विनंती आहे. पेट्या भरायच्या आधी एकदा माळ्यावर चढा. तुम्ही आणून ठेवलेली एक तरी वस्तू खाली उतरवा आणि जशी आणलीत तशी परत घेऊन जा. शिडी मी धरतो.