मित्र पाहिजेत, फौजेसकट

देश एकमेकांशी आघाड्या का करतात, हे सांगायला हल्ली रात्री नऊला टीव्हीवर निवृत्त जनरल बसतात. समान मूल्यं, सामायिक हितसंबंध वगैरे ऐकून डोळे पाणावतात. आमच्या पुण्यात हा विषय दोनशे वर्षांपूर्वीच प्रात्यक्षिकासह शिकवून झालाय. फीसुद्धा भरून झालीय.

कौटिल्याचा हिशेब सोपा: सीमेला लागून असलेला तो शत्रू, त्याच्या पलीकडचा तो मित्र. म्हणजे सातासमुद्रापलीकडचा इंग्रज जिवलगच! नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांचा काटा काढायला त्यालाच हाताशी धरलं. १७५६ मध्ये विजयदुर्गाला इंग्रजांनी आंग्र्यांचं आरमार जाळलं, लूट आपसांत वाटली आणि किल्ला पेशव्यांच्या हवाली करायला महिने लावले. मैत्रीत एवढं चालायचंच. जळालेलं आरमार मराठ्यांचंच होतं, हा किरकोळ तपशील.

खरी बहार नाना फडणविसांच्या काळात. १७८० मध्ये नाना, हैदर आणि निजाम इंग्रजांविरुद्ध एक झाले. नागपूरकर भोसलेही होते, पण इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची थैली पोचताच आपलं कुणाशीच वैर नसल्याचं त्यांना आठवलं. १७८२ ला सालबाईचा तह झाला. हैदरने जिंकलेला मुलूख परत करावा, हे त्यात हैदरला न विचारताच ठरलं. १७९० मध्ये नाना, निजाम आणि इंग्रज एका बाजूला, समोर हैदरचा मुलगा टिपू. दोन वर्षांत टिपूचं अर्धं राज्य तिघांनी वाटून घेतलं. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामालाच झोडपलं आणि निजामाचे दोस्त इंग्रज तटस्थ राहिले. पंधरा वर्षांत घरं तीच चार, सोयरीक मात्र दर वेळी नवी. तरी नानांना मानलं पाहिजे. मित्राची फौज त्यांनी पुण्यात मुक्कामाला ठेवून घेतली नाही.

दुसऱ्या बाजीरावांना हे पथ्य झेपलं नाही. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांची आणि शिंद्यांची फौज मोडली. आपल्याच सरदाराच्या भीतीने श्रीमंत कोकणात उतरले ते थेट वसईला, इंग्रजांच्या आसऱ्याला. ३१ डिसेंबरला तह झाला. सहा हजारांचं पायदळ कायम दिमतीला, त्याच्या खर्चासाठी वर्षाकाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख आणि परक्या दरबारांशी बोलायचं ते कंपनीला विचारून. यापुढे मित्र शोधण्याची दगदगच संपली!

शिंदे-भोसल्यांनी ‘आम्हाला विचारलं का?’ म्हणून कुरकूर केली. १८०३ मध्ये असईला त्यांना उत्तर मिळालं. श्रीमंतांच्या रक्षणासाठी आलेली फौज पुण्यात छान रुळली. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला तिने तोफा डागल्या, त्या श्रीमंतांच्याच सैन्यावर.

पुढच्या वर्षी राज्य गेलं आणि बाजीराव बिठूरला गेले. कंपनीचा अधिकारी माल्कम याने त्यांना वर्षाला आठ लाखांचं पेन्शन कबूल केलं होतं. त्यावर कंपनीच्या वरिष्ठांची तक्रार एकच: रक्कम फार झाली.